वाघ सोडून सगळे

सेनोबिओला वल्ह्याची गोष्ट सांगायला आग्रह करावा लागत नसे. काठाला होडी लागली, पाहुणा उतरला, बायकोने, एलादियाने, त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला, की हा भिंतीला टेकवलेलं ते जुनं वल्हं उचलणारच. वल्ह्याच्या पात्याचा एका बाजूने टवका उडाला होता. त्यावरून अंगठा फिरवत तो म्हणायचा, "इथं. बरोबर इथं बसलं त्याच्या टाळक्यात." मग पाहुण्याला कॉफी गार होईपर्यंत सुटका नसायची.

गोष्ट धरणाच्या सालातली. खाली भिंत उभी राहिली आणि नदी उलटी चालायला लागली. खोऱ्यातल्या लोकांना पलीकडे नव्या वस्तीत सिमेंटची घरं मिळाली, आणि सगळे कोंबड्या, खाटा, देवांच्या तसबिरी घेऊन तिकडे गेले. सेनोबिओ मात्र हटून बसला. त्याचं घर आणि कसावाच्या कंदांचं शेत पाउहीच्या टेकडीच्या माथ्यावर होतं, तिथवर पाणी येणार नव्हतं. "माझं काय बुडतंय म्हणून मी पळू?" असं तो म्हणे. हटवादी माणूस, आणि हटवादीपणाचं त्याला कौतुकही फार. पण खरं कारण घराच्या मागे होतं. तिथे एलादियाने आदल्याच वर्षी काजूचं रोप लावलं होतं आणि त्याच्या मुळाशी लेकीची, नेरेइदाची, नाळ पुरली होती. त्या बाजूला सगळेच असं करतात. ज्याची नाळ त्या झाडाखाली, त्याला ओढ त्या झाडाची. झाड हिरवं असेतो लेकरू कुठेही गेलं तरी घरची वाट विसरत नाही. असं झाड टाकून सिमेंटच्या घरात कोण जाईल?

पाणी चढत गेलं आणि टेकडीचं बेट झालं. बुडत्या जंगलातली जनावरं झाडांच्या शेंड्यांना चिकटून बसली. सेनोबिओ आणि त्याचा दोस्त बाउदिलिओ रोज होडी काढायचे. बाउदिलिओ नावाडी, आणि जिभेला हाड नसलेला. दोघांनी अराग्वातो आणले, म्हणजे ती तांबडी, गळा फाडून ओरडणारी माकडं. पोत्यात घालून इग्वाना आणले, म्हणजे घोरपडीएवढे, पाला खाणारे सरडे. ससे-उंदरांच्या जातीची सगळी चिल्लीपिल्ली आणली, आणि मुंग्यांची वारुळं उकरून खाणारे, पाठीवर कवच असलेले काचिकामोही आणले. सगळं पाउहीच्या टेकडीवर सोडलं. माकडांनी चावून हातांची चाळण केली, तरी गड्याने एकही माघारी टाकलं नाही. बाउदिलिओ त्याला नोहा म्हणायला लागला, बायबलातल्या महापुरात सगळी जनावरं तारवात घेणारा तो नोहा, आणि ते नाव त्या पाण्यावर सगळीकडे झालं.

मग एक दिवस वाघ आला. ठिपक्यांचा वाघ, तिकडे त्याला नुसतं वाघच म्हणतात. बुडालेल्या रानातून पोहत, कान मागे पाडून, सरळ टेकडीच्या रोखाने येत होता. नुसतं डोकं पाण्यावर. थकलेला दिसत होता.

"राहू दे रे नोहा," बाउदिलिओ म्हणाला. "येऊ दे बिचाऱ्याला. दमलाय."

"माझी पोर झोळीत निजलीय वर! आणि माझं गाढव कोणी खाल्लं होतं, तुझ्या मेहुण्याने?"

"मेहुण्याचा काही भरवसा नाही, पण हा वाघ तोच कशावरून?"

सेनोबिओने ऐकलं नाही. होडी वळवली आणि वल्हं घातलं. वाघ बुडाला, वर आला, त्याने एक पंजा होडीच्या काठावर टाकला आणि सेनोबिओकडे पाहिलं. सेनोबिओने पुन्हा घातलं. टवका तेव्हा उडाला. मग पाणी सपाट झालं. बाउदिलिओ घरी जाईपर्यंत काही बोलला नाही, हा भाग सेनोबिओ गोष्टीत सांगत नसे.

पुढची वर्षं सुखात गेली, हे कबूल करायलाच हवं. पाण्यात मासळी मायंदाळ. पहाटे माकडं एका सुरात अशी गर्जायची, की पलीकडच्या वस्तीत लोक म्हणत, नोहा उठला. आणि नेरेइदा! साऱ्या मुलखात एकही पोर एकटं रानात जात नसे. ही मात्र अनवाणी, फांदी हातात घेऊन, दिवसभर रानात. आई हाक मारून दमायची. सेनोबिओ ओसरीवर पाय पसरून म्हणायचा, "फिरू दे तिला. तिच्या बापाने तिच्यासाठी रान मोकळं केलंय." नेरेइदाला ती गोष्ट तोंडपाठ होती. टवक्यावर तिचाही अंगठा फिरून फिरून तो गुळगुळीत झाला होता.

काजूचं झाड बहरलं. एलादिया काजू भाजून, कुटून, त्यांच्या वड्या करायची. पहिल्या नाताळाला तिने काचिकामोचा रस्सा केला, तो सेनोबिओला इतका आवडला की पुढच्या काही सणांत बेटावरचे काचिकामो संपले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. रश्श्यासाठीच तर देवाने तो प्राणी केलाय, असं बाउदिलिओसुद्धा वाडगा पुसत म्हणाला होता.

बिघडायला कधी लागलं ते सांगता येत नाही. आधी मुंग्या वाढल्या. पानं कातरून डोक्यावर हिरवे तुकडे घेऊन चालणाऱ्या त्या तांबूस मुंग्या तिकडे सगळीकडेच असतात, पण इथे त्यांच्या वाटा पायवाटेएवढ्या रुंद झाल्या. एका रात्रीत कसावाची ओळ साफ. एलादियाने जुनी फुटकी होडी चार खांबांवर चढवली, तिच्यात माती भरली, खांबांचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवले आणि तिथे कांदा-कोथिंबीर लावली. ही युक्ती तिच्या आजीची. कोथिंबीर वाचली. पण माणूस होडीत मावेल एवढ्याच शेतावर किती दिवस जगणार?

मग माकडं खाली उतरली. आधी ती कधी जमिनीला पाय लावत नसत, उंचावरच राहायची, कारण खाली वाघ असायचा. आता त्यांना ठाऊक झालं होतं की खाली कोणी नाही. ती आणि त्यांची पोरं जमिनीवरची कोवळी रोपं ओरबाडायला लागली. जे माकडांकडून सुटलं ते इग्वानांनी खाल्लं, आणि राहिलेलं मुंग्यांनी. मोठी झाडं म्हातारी होऊन पडत होती आणि त्यांच्या जागी काहीच उगवत नव्हतं. पण मोठं झाड पडायला वेळ लागतो, आणि रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही. सेनोबिओलाही दिसलं नाही.

नेरेइदा मोठी झाली, उपाता शहरात बेकरीत कामाला लागली, तिथेच लग्न केलं. पोरगी गेल्यावर एलादिया एकदा पहाटे उठून बसली.

"म्हाताऱ्या, ऐकू येतंय का?"

"काय? काही नाही ऐकू येत."

"तेच म्हणतेय मी. माकडं ओरडत नाहीत."

आणि खरंच. आठवून पाहिलं तर किती दिवसांत ती गर्जली नव्हती. दिसायची, पण एकेकटी. टोळी करून बसत नव्हती, पोरं खेळत नव्हती, एकमेकांना बघून दात विचकायची. पानंही त्यांना गोड राहिली नसावीत, खाऊन ओकायची. सेनोबिओ म्हणाला, "झोप, उद्या ओरडतील." ती काही ओरडली नाहीत.

एलादिया पुढच्याच वर्षी गेली. छातीत दुखायचं, सांगितलं कुणालाच नाही. शेवटच्या दिवसांत तिने एकच गोष्ट मागितली. नेरेइदाला मूल झालं की त्याची नाळ याच काजूखाली पुरायची. "मी नसेन. पण पोरीला म्हणावं, आईने सांगितलंय. आणि तोवर झाड सांभाळ. बाकी काही नाही सांभाळलंस तरी चालेल." सेनोबिओने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. तिला पलीकडच्या वस्तीच्या दफनभूमीत ठेवलं, आणि हा एकटा होडीत बसून परत आला. नेरेइदा रडून रडून सांगत होती, चला बाबा माझ्याकडे. हा झाडाकडे परत आला.

छपराची ताडपानं सडली तेव्हा तो बाउदिलिओबरोबर पलीकडच्या मोठ्या रानात पानं तोडायला गेला. पाण्यापलीकडे तो वर्षानुवर्षं वस्तीपुरताच जायचा. या वेळी आत शिरला, आणि चार पावलांत त्याला चालता येईना. जिकडेतिकडे रोपं. गुडघ्याला लागणारी, कमरेला लागणारी, एकमेकांना ढकलत उजेडाकडे निघालेली. तो उभाच राहिला. आपल्या टेकडीवर जमीन झाडलेल्या अंगणासारखी उघडी असते, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. वर कुठेतरी माकडं होती, शेंड्यांत, पाहिलं न पाहिलं तोच पसार झाली. ओढ्याच्या ओल्या वाळूत पाऊल उमटलेलं होतं, ताजं. वाघाचं.

"चल, आटप," बाउदिलिओ म्हणाला. "मालक जवळपास आहेत."

सेनोबिओ पावलाशी उकिडवा बसला. "बाउदिलिओ, इथं रोपं कशी राहिली रे?"

"खाणाऱ्यांना खाणारा आहे इथं, म्हणून राहिली." बाउदिलिओला चेष्टेची सवय, जीभ थांबली नाही. "देवाने नोहाला सगळे घे म्हणून सांगितलं होतं, लेका. तू एक सोडून सगळे घेतलेस."

बोलून गेल्यावर त्याचंच तोंड उतरलं. दोघांनी ताडपानं होडीत भरली आणि परत निघाले. टेकडी जवळ आली तेव्हा दुपारचं ऊन तिच्यावर पडलं होतं, आणि सेनोबिओने आपलं घर पहिल्यांदाच परक्या माणसासारखं पाहिलं. अर्धी झाडं वाळकी. उघडी लाल माती. त्या दिवसानंतर त्याने वल्ह्याची गोष्ट सांगितली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "जुनं झालं ते."

आता वाघाचं काम आपणच करायचं, असं त्याने ठरवलं. हाही त्याचा हट्टच. बंदूक तेल घालून साफ केली आणि माकडं मारायला निघाला. पहिली जी सापडली ती पोरवाली होती. पळाली नाही. पळायचं असतं हेच ती विसरली होती. जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत राहिली, हाडं वर आलेली, पोटाशी पिल्लू. हिलाच, नाहीतर हिच्या आजीला, आपण पोत्यात घालून आणलं होतं, हातावरचे वण अजून आहेत. त्याने गोळी झाडली. ती पडली, आणि पिल्लू तिला चिकटून तसंच राहिलं, त्याने आवाजही केला नाही. सेनोबिओने बंदूक घरी नेऊन ठेवली ती पुन्हा काढली नाही. वाघाला जे रोज जमतं ते माणसाला एकदाच जमलं, आणि त्या एकदाचीच त्याला इतकी शरम वाटली, की तो दोन दिवस जेवला नाही.

उरलं एक झाड. त्याच्यासाठी सेनोबिओने जिवाचं रान केलं. बुंध्याला पत्रा गुंडाळला, म्हणजे इग्वाना चढू नये. फांदीपर्यंत उडी पोचेल अशी शेजारची झाडं तोडली, म्हणजे माकड येऊ नये. टायर कापून बुंध्याभोवती पाण्याचं कडं केलं, म्हणजे मुंगी ओलांडू नये. सकाळ-संध्याकाळ पाणी भरायचं, वाऱ्याने कड्यावर काडी पडली तर उचलायची, कारण एका काडीचाही मुंग्यांना पूल होतो. एवढ्या टेकडीवर हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं. बाउदिलिओ यायचा, बसायचा, म्हणायचा, "झाडाचं लग्न लावून दे एकदा, म्हणजे तुझी सुटका." दोघंही हसायचे, हसायला काही नसताना.

मग बाउदिलिओनेच निरोप आणला. नेरेइदाला मुलगा झाला. नाळ वाळवून फडक्यात ठेवलीय, पावसाचे दिवस संपले की येते, पोराला घेऊन. सेनोबिओ ते ऐकून झाडाच्या बुंध्याला टेकून बसला आणि मोठ्याने म्हणाला, "ऐकलंस एलादिया? येतेय ती."

ती यायच्या आधीच त्याला हिवताप आला. झोळीत पडून होता, कण्हत, घामाने भिजत. मध्येच शुद्ध आली की म्हणायचा, पाणी भरायचंय, आणि उठायला जायचा, आणि पुन्हा पडायचा. ताप उतरला तेव्हा भिंत धरत घराच्या मागे गेला. टायरमधलं पाणी आटलं होतं. काजूवर एक पान नव्हतं. बुंध्यावरून खालपर्यंत मुंग्यांची वाट चालू होती, शेवटचे हिरवे तुकडे डोक्यावर घेऊन. त्याने पाणी आणलं, ओतलं, हातांनी मुंग्या चिरडल्या, बोटं रक्ताळली. झाड पुन्हा फुटेल म्हणून वाट पाहिली. फुटलं, तर कोंबही त्या खाऊन गेल्या. पुन्हा फुटलं नाही. साल सुटायला लागली.

नेरेइदा आली ती नव्या झग्यात, काखेत पोर, मागे नवरा. होडीतून उतरताच पायाशी वाकली. "बाबा, आशीर्वाद द्या."

"देव तुझं भलं करो, पोरी." त्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

नवरा बोलका, शहरातला. कमरेवर हात ठेवून चहूकडे बघत होता. "मला तर ही सांगायची, बेटावर इतकं दाट रान की दुपारी दिवा लावावा लागतो! कुठंय ते?"

"वय झालं रे रानाचं," बाउदिलिओ घाईने म्हणाला. "माझ्यासारखंच."

नेरेइदाला बापाचा उतरलेला चेहरा दिसत होता. त्याला बरं वाटावं म्हणून तिने भिंतीचं वल्हं उचललं. "बाबा, ह्यांना ती गोष्ट सांगा ना. आणि ह्यालाही. नातवाला पहिल्यांदा तुमच्या तोंडून."

"विसरलो मी."

"हे कसं विसराल!" ती हसली, आणि स्वतःच सांगायला लागली. पाणी, होडी, कान पाडून येणारा वाघ. बापाच्याच आवाजात, बापाच्याच थांब्यांसकट. टवक्यावर अंगठा फिरवत पोराला म्हणाली, "इथं बसलं बघ, बरोबर इथं. आजोबांनी वाघ मारला, तुझ्या आईसाठी." तिला एवढा अभिमान होता, की सेनोबिओला तिथून उठून जावंसं वाटलं. पण तो बसून ऐकत राहिला. बाउदिलिओ पाण्याकडे तोंड करून बसला.

मग तिने पिशवीतून फडकं काढलं आणि घराच्या मागे गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा फडकं हातात तसंच होतं.

"बाबा," ती हळू म्हणाली. "कधी?"

"ताप आला होता मला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असू दे. दुसऱ्या एखाद्या रोपाखाली पुरू. छोटं असलं तरी चालेल. कुठंय एखादं?"

सेनोबिओने टेकडीवरून नजर फिरवली. ती रोजची टेकडी, तिचा एकेक दगड त्याला ठाऊक. सारी टेकडी धुंडाळली असती तरी बोटभर रोप मिळालं नसतं.

"घेऊन जा," तो म्हणाला. "तिकडं लाव, उपाताला."

"तिकडं माती कुठंय बाबा? आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो." तिने फडक्याची घडी केली, पुन्हा केली, आणि पिशवीच्या तळाशी ठेवली. मग रडायला लागली, पोराच्या केसांत तोंड घालून, लहान मुलीसारखी. आई काय म्हणाली होती ते तिला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक होतं. चला बाबा, असं ती याही वेळी म्हणाली. तो गेला नाही. इथे सांभाळायला काही उरलं नाही, हेही त्याला कळत होतं.

होडी निघाली तेव्हा तिने पुन्हा आशीर्वाद मागितला. त्याने दिला. होडी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तो हात वर धरून उभा होता.

मग तो घरात गेला, पलीकडून आणलेल्या पाल्यावर जगवलेली बकरी सोडली आणि तिला ओढत खाली नेलं. बेटावर तेवढंच एक दूधदुभतं उरलं होतं. टेकडीची जी जीभ मोठ्या रानाच्या दिशेने पाण्यात शिरते तिच्या टोकाला, मेख ठोकून, त्याने बकरी बांधली. वाळलेलं काजूचं डहाळं तिच्यापुढे टाकलं, तिने हुंगून तोंड फिरवलं. ती ओरडायला लागली. ओरडावंच, म्हणूनच तर बांधली होती. पाण्यावरून आवाज लांब जातो.

सेनोबिओ मागे दगडावर बसला. वल्हं घरीच ठेवलं होतं. पलीकडच्या रानातून कधी कधी अजून वाघाची डरकाळी यायची, त्याने ती ऐकलेली होती. त्या संध्याकाळी काही ऐकू आलं नाही. बकरी ओरडत राहिली आणि तो पाण्याकडे बघत राहिला, एखादं डोकं कान पाडून इकडे येतंय का. दुसऱ्या दिवशीही त्याने ती तिथेच बांधली. तिसऱ्या दिवशी बाउदिलिओ होडीवरून म्हणाला, "नोहा, पाणी फार रुंद आहे रे. एवढं नाही पोहत तो."

"तेव्हा पोहत होता," सेनोबिओ म्हणाला.

"तेव्हा पाणी नवं होतं. मध्ये टेकायला झाडांचे शेंडे होते."

सेनोबिओने ऐकून घेतलं, आणि बकरीची दोरी थोडी सैल केली, म्हणजे ती काठाच्या आणखी जवळ जाईल.